झोन तीन, सर्व्हे नंबर अमुक

सीमाभागात १९६७ साल लक्षात राहिलं ते महाजन आयोगामुळे. ऑगस्टमध्ये अहवाल आला, निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्याला अशी त्याची शिफारस होती. तो वाद अजून कोर्टात आहे. त्याच वर्षी ११ डिसेंबरला, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. ६.३ रिश्टरचा धक्का, दोनशेच्या आसपास मृत्यू, कोयनानगर जमीनदोस्त. हादरा मुंबई-पुण्यापासून गोव्यापर्यंत पोचला. कोयनानगर ते निपाणी सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर, बेळगाव १९०. म्हणजे तो आपल्याही उंबऱ्यावरून गेला.

राज्यांच्या रेषेवर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत की दुसऱ्या एका रेषेकडे पाहायला सवड झाली नाही. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो, ही ती रेषा. ती कुठल्या आयोगाने आखलेली नाही. ती शेताच्या बांधावरून, गल्लीच्या मधून, कधी एकाच घराच्या सोप्याखालून जाते. मोठा धक्का बसला तर कुणाची भिंत उभी राहील आणि कुणाची बसेल, यात या रेषेचा वाटा बराच मोठा असेल. पुढची पानं तिच्याविषयी आहेत.

सरकारी नकाशा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतीय मानक ब्यूरोची भूकंपरोधक बांधकामाची संहिता आहे, आयएस १८९३. तिच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत बेळगाव झोन तीनमध्ये येतं. कोल्हापूर तीन, पुणे तीन, धारवाडही तीन. मध्यम धोक्याचा पट्टा. इंजिनियर या झोनसाठी ०.१६ हा गुणक घेतो, हिशेब करतो आणि ड्रॉइंगवर सही करतो.

या नकाशाचा पूर्वेतिहास ऐकण्याजोगा आहे. १९६२ च्या पहिल्या आवृत्तीत झोन शून्य नावाचा एक प्रकार होता आणि दख्खनच्या पठाराचा बराच भाग त्यात निवांत बसला होता. कोयनेनंतर, १९७० च्या आवृत्तीत शून्य निघून गेलं आणि कोयनेचा परिसर थेट चारमध्ये चढला. किल्लारी १९९३ पर्यंत झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या झोपेत, भूकंपात ती गेली. २००२ मध्ये झोन एकच रद्द झाला. नकाशा दर वेळी भूकंपाच्या मागून चालत आला आहे. तो करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या जमिनीच्या यंत्रावरच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या आहेत, तिच्याबद्दल याहून जास्त कोण काय सांगणार?

माझी अडचण वेगळी आहे. हा नकाशा उद्या अगदी अचूक झाला तरी तो जिल्ह्यातालुक्यांचा नकाशा राहणार, शिवाराचा नाही. झोनचा आकडा कठीण खडकाचा विचार करून काढलेला असतो. खडकाच्या वर तुमच्या सर्व्हे नंबरात काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आणि धक्का घराला लागतो तो त्या वरच्या थरातून.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मेक्सिको सिटीचं. १९ सप्टेंबर १९८५ ला पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ ८ रिश्टरचा भूकंप झाला. राजधानी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. किनाऱ्यापासून इतकं अंतर कापून आलेल्या लहरी विझत आलेल्या असतात, आणि शहराच्या दक्षिणेला, लाव्ह्याच्या खडकावर वसलेल्या विद्यापीठात त्या तशाच पोचल्या. तिथल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या तीन-चार टक्के इतकाच हादरा नोंदवला. शहराचा मधला भाग मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर उभा आहे. अॅझ्टेकांचं टेनोच्टिट्लान तळ्यातल्या बेटावर होतं, स्पॅनिशांनी तळं आटवलं आणि गाळावर शहर पसरलं. त्या गाळावर बसवलेल्या यंत्राने सतरा टक्के नोंदवले. एकच भूकंप, एकच शहर, चार-पाच पट फरक. शिवाय तो गाळ दर दोन सेकंदांनी एक हेलकावा, अशा ठेक्यात हलत राहिला. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्या ठेक्यात सापडल्या आणि हजारो माणसं मेली. त्याच भागातली जुनी, बुटकी, जाड भिंतींची घरं त्यामानाने सुटली.

हे परक्याचं उदाहरण झालं असं वाटत असेल तर अहमदाबाद घ्या. २६ जानेवारी २००१ ला भचाऊजवळ भूकंप झाला. अहमदाबाद तिथून २३० किलोमीटरच्या पुढे. तिथे पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी बहुमजली इमारती बसल्या आणि सातशेहून जास्त लोक गेले. बांधकामातले दोष होते, खालचा मजला नुसत्या खांबांवर होता, हे खरंच. पण शहराखाली साबरमतीचा खोल गाळही होता, आणि दुरून आलेला संथ हेलकावा त्या गाळाने जोपासला. अहमदाबाद तेव्हाही झोन तीनमध्ये होतं, २०१६ च्या आवृत्तीतही तीनमध्येच आहे. बेळगावचा आणि त्याचा झोन सारखा. जमीन मात्र सारखी नाही, आणि या प्रस्तावनेचा सगळा भर त्या ‘मात्र’वर आहे.

मऊ माती हादरा का वाढवते? आडव्या कंपनाच्या लहरी काळ्या फत्तरातून सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर धावतात. काळ्या मातीत त्यांचा वेग दीडशे ते अडीचशे मीटरवर येतो. पंढरीची दिंडी मोकळ्या रस्त्यावरून एखाद्या बोळात शिरली की पुढचे मंदावतात, मागचे येतच राहतात आणि दाटी वाढते, लहरीचंही तसंच. तिच्यातली ऊर्जा कुठे जात नाही, वेग कमी झाला की झोका मोठा होतो. वरचे आकडे आणि दोन्हींची घनता धरून हिशेब केला तर झोका चौपटीच्या आसपास येतो. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. खडकावर पसरलेल्या मातीच्या थराला स्वतःचा एक ठेका असतो. थराच्या जाडीची चौपट करून तिला लहरीच्या वेगाने भागलं की त्या ठेक्याचा काळ सेकंदांत मिळतो. मेक्सिकोत सुमारे चाळीस मीटर गाळ आणि सेकंदाला ऐंशी मीटर वेग, म्हणून दोन सेकंद. घरालाही ठेका असतो. ढोबळ हिशेबाने मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. माती आणि घर यांचे ठेके जुळले की मग घराची खैर नाही.

आता हा हिशेब घेऊन आपल्या रस्त्यावरून चला. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, पुढे यमगर्णीला वेदगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हाच हायवे पाण्याखाली गेला होता. नदीकाठचं सगळं शिवार काळं, खोल, उसाचं आणि तंबाखूचं. निपाणीच्या तंबाखूचं नाव ज्या मातीने केलं तीच ही. निपाणी मागे टाकून तवंदीचा घाट चढला की चित्र पालटतं. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या अंगावर बेसॉल्टचे थर उघडे पडलेले दिसतात, मध्येच कुजलेल्या खडकाचा पट्टा, वर हातभर मुरूम, त्यावर गवत. स्तवनिधीचं जुनं जैन क्षेत्र याच डोंगराळ भागात आहे. पुढे संकेश्वरला हिरण्यकेशी, पुन्हा काळी माती. हत्तरगी, यमकनमर्डी, काकती करत मार्कंडेय नदी ओलांडून बेळगावात शिरेपर्यंत जमीन तांबडी झालेली असते. दख्खनच्या काळ्या खडकाची दक्षिणेकडची कड इथून जवळच आहे. पूर्वेला गोकाककडे कलादगी गटाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट सुरू होतात. गोकाकचा धबधबा त्यांच्यावरूनच उडी घेतो. निपाणी ते बेळगाव दीड तासाचा रस्ता, आणि त्यात इतक्या प्रकारची जमीन. झोन आपला पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनच.

बेळगावची जमीन मला सगळ्यात फसवी वाटते. शहराच्या मोठ्या भागाखाली जांभा आहे. जांभ्याचे चिरे काढून पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधली, तेव्हा ‘आपण दगडावर बसलोय’ हा विश्वास स्वाभाविक. पण जांभा म्हणजे कुजून घट्ट झालेल्या खडकाची साय. उन्हापावसात बेसॉल्टमधली सिलिका धुऊन जाते, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहतं, वरचा थर टणक होतो. त्याच्या खाली मात्र पुष्कळदा पांढरट-गुलाबी, चिकण, बोटाने दाबता येईल असा थर सापडतो आणि ताजा खडक त्याच्याही खाली असतो. वर कठीण, मध्ये मऊ, तळाशी कठीण. अशा उलट्या उतरंडीत नुसतं वर टिकाव मारून काही कळत नाही. जांभ्याची साय किती जाड, यावर सगळं ठरतं, आणि ती जाडी दोन गल्ल्यांत बदलू शकते.

शहराच्या दक्षिण-पूर्वेला परिस्थिती आणखी वेगळी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार भाताचं. बेळगावी बासमती तिथली. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात तिथे पसरतं आणि पीक कुजतं, ही बातमी दर वर्षी छापून येते. हलगा-मच्छे बायपासला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो जमिनीच्या कसासाठी. पण पाणी धरून ठेवणारी, बारीक कणांची, ओली माती भाताला जितकी मानवते तितकी घराला मानवत नाही. आणि शहर त्या दिशेने सरकतं आहे. प्लॉट पाडताना भाव विचारला जातो, रस्त्याची रुंदी विचारली जाते. नाला पूर्वी कुठून वाहत होता, हे विचारणारा गिऱ्हाईक मला तरी विरळाच वाटतो.

ठेक्याचा हा हिशेब आपल्याकडे लावला की एक अनपेक्षित गोष्ट हाती येते. काळ्या मातीचा थर पाच मीटर आणि वेग सेकंदाला दोनशे मीटर धरला तर ठेका ०.१ सेकंद. दहा मीटर धरला तर ०.२ सेकंद. म्हणजे एक आणि दोन मजली घरं. मेक्सिकोत बुटकी घरं वाचली आणि उंच पडली. इथे पातळ मातीचा ठेका नेमका बुटक्या घरांशी जुळतो. भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टॉवर येतो, पण सीमाभागात मातीची नजर निपाणीच्या दुमजली कौलारू घरावर आणि येळ्ळूरच्या जांभ्याच्या घरावर आहे.

यात एक खोच आहे आणि ती लपवून ठेवणं प्रामाणिकपणाचं नाही. दुरून येणाऱ्या लहरींत जलद कंपनं वाटेत झिजतात, संथ हेलकावे उरतात. पातळ माती वाढवते ती जलद कंपनंच. म्हणून १३० किंवा १९० किलोमीटरवरून कोयनेचा धक्का आला तर आपली पाच-दहा मीटर माती त्यात फार भर घालणार नाही. अहमदाबादसारखा प्रकार इथे सहसा होऊ नये. शिवाय भचाऊच्या भूकंपाची ताकदही कोयनेच्या शंभर पटींहून जास्त होती. दख्खनचं कवच जुनं आणि घट्ट आहे, त्यातून कंपन सावकाश विझतं, ही उलट बाजूची नोंदही घ्यायला हवी. पण खरी काळजी जवळच्या, मध्यम धक्क्याची. असा धक्का इथे होईलच असं कुणी म्हणू नये, होणार नाही असंही म्हणू नये. किल्लारीत ६.२ चा होईल असं २९ सप्टेंबरला कुणाला वाटलं होतं? जुलै २०२२ मध्ये विजयपूर जिल्ह्यातल्या हादऱ्यांनी लोक घराबाहेर आले, ते नुकसानीविना निभावलं. जवळचा धक्का जलद कंपनांनी भरलेला असतो, आणि ती झेलायला आपली पातळ माती तयार बसलेली आहे.

संहितेचं याबाबतीत काय म्हणणं आहे? तिची २०१६ ची आवृत्ती जमिनीचे तीन प्रकार करते: कठीण, मध्यम, मऊ. जमिनीत ठोकून पाहण्याच्या चाचणीत ठराविक खोली गाठायला किती घाव लागतात, यावरून प्रकार ठरतो. तीसच्या वर घाव म्हणजे कठीण, दहाच्या आत म्हणजे मऊ. मग प्रत्येक प्रकारासाठी बळाचा एक आलेख. आता गंमत पाहा. सेकंदाच्या दहाव्या भागापासून तिन्ही आलेख एकाच उंचीवर, २.५ वर, सपाट चालतात. कठीण जमिनीचा ०.४० सेकंदाला खाली उतरायला लागतो, मध्यमचा ०.५५ ला, मऊचा ०.६७ ला. म्हणजे जमिनीचा प्रकार जो काही फरक पाडतो तो चार मजल्यांच्या पुढे. दुमजली घर तवंदीच्या पाषाणावर बांधा नाहीतर वेदगंगेच्या काठावर, संहितेचा आकडा तोच. याला कारणं आहेत. जोराच्या हादऱ्यात मऊ माती स्वतःच पुष्कळ ऊर्जा गिळते, म्हणून तिथली वाढ अमर्याद नसते, आणि संहिता साऱ्या देशाला पुरेल अशीच लिहावी लागते. पण आपल्या भागातल्या बहुसंख्य घरांना आणि आपल्या मातीच्या जाडीला जो फरक लागू पडतो, तोच त्या आलेखात दिसत नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

काळ्या मातीचं आणखी एक दुखणं आहे आणि ते भूकंपाआधीचं आहे. उन्हाळ्यात ती फाटते, हात जाईल अशा भेगा पडतात; पावसात फुगते. पाया उथळ असेल तर भिंत दर वर्षी थोडी उचलते, थोडी बसते. निपाणी-चिकोडीच्या बाजूला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढलेली भेग न दिसणारं जुनं घर शोधावं लागेल. चुना-सिमेंट भरून रंग दिला की ती दिवाळीपुरती जाते. भूकंपाचं बळ भिंतीला तिरपंच फाडतं, आणि इथे मातीने ते काम आधीच निम्मं करून ठेवलेलं असतं. रूडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले, ते मोठ्या बांधकामांत वापरले जातात. गावाकडचा मिस्त्री ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ एवढंच सांगतो. हा सल्ला बसण्या-फुगण्यासाठी दिलेला असला तरी धक्क्यातही उपयोगी आहे, कारण थराचा झोका वरती सगळ्यात मोठा असतो आणि तळाशी कमी. पाया मुरमावर टेकला की घर हलत्या थराच्या डोक्यावर बसत नाही.

सगळं पाप मातीच्या माथी मारायचंही कारण नाही. किल्लारीत आणि भोवतालच्या गावांत आठ ते दहा हजार माणसं मेली ती मुख्यतः घरांनी मारली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, दोन बाजूंना दगड, मध्ये गोट्यांची भर, जोडायला चिखल, वर मातीचं जड माळवद. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादऱ्यात भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि छत झोपलेल्यांवर आलं. तसं घर खडकावर असतं तरी वाचलं नसतं. कोयना धरणातच १९६७ ला गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट हादरा नोंदवला गेला. तिथे भूकंप जवळ होता आणि खाली खडकच होता. धोका म्हणजे हादरा, माती आणि घर यांचा गुणाकार. हादरा आपल्या हातात नाही. माती बदलता येत नाही, पण ओळखता येते. घर मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे हा उपाय इतका स्वस्त आणि इतका जुना झाला आहे की तो न करणं हा निव्वळ आळस म्हणावा लागेल. बेळगावात नव्याने उठणाऱ्या, खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा इमारतींना तर अहमदाबादची छायाचित्रं दाखवण्यापलीकडे वेगळं काही सांगायला नको.

पाण्याविषयी थोडं. नदीकाठच्या मळ्यांत बारमाही पाणी दिल्याने भूजल वर आलेलं असतं. ओली काळी माती कोरडीपेक्षा मऊ. तिच्यात वाळूचे जुने पट्टे पुरले गेले असतील तर जोराच्या धक्क्यात ते पाण्यासारखे वाहू शकतात. १९३४ च्या बिहारच्या भूकंपात मोठ्या मुलखात घरं जमिनीत कलंडली ती अशीच. आपल्याकडे चिकण माती जास्त, वाळू कमी, म्हणून हा धोका नदीच्या जुन्या वळणांपुरता असावा. त्याहून नेहमीचा धोका भरावाचा आहे: चिरे काढलेली खाण राडारोडा टाकून बुजवली, उतारावरचा प्लॉट अर्धा कापला अर्धा भरला, जुन्या विहिरीवर स्लॅब टाकला. अर्धं घर कठीण जमिनीवर आणि अर्धं भरावावर असेल तर त्याचे दोन अर्धे दोन वेगळ्या तालांत हलतात.

मोठ्या शहरांनी यासाठी जमिनीचे बारकाईचे नकाशे केले. जबलपूर, दिल्ली, बंगळूर, गुवाहाटी इथे असं काम झालं आहे. गल्ली-गल्लीतली मातीची जाडी आणि ठेका मोजून रंगवलेले नकाशे. त्यातली एक पद्धत फार खर्चिक नाही. युटाका नाकामुरा या जपानी रेल्वेतल्या संशोधकाने १९८९ मध्ये ती मांडली. जमिनीवर एक संवेदक यंत्र ठेवायचं, शांत वेळी वीस-तीस मिनिटं. वाऱ्याची, दूरच्या ट्रकची, कारखान्याची जी बारीक थरथर जमिनीत सतत चालू असते ती नोंदवायची आणि आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागायचं. भागाकार जिथे सुळक्यासारखा वर जातो तो त्या जागेचा ठेका. भूकंपाची वाट पाहावी लागत नाही, खड्डा खणावा लागत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांची आणि विद्यापीठाची या भागात कमतरता नाही. एका उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांच्या तुकड्या बेळगाव आणि निपाणी निम्मं तरी मोजून काढतील.

पण त्यासाठीही थांबायची गरज नाही, कारण निम्मी माहिती गावातच आहे. ती सरकारी दप्तरात नसून विहिरींत आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष झाले त्या एकमेव अधिवेशनासाठी, टिळकवाडीत खोदलेली विहीर अजून आहे. तशा विहिरीच्या कडेला उभं राहिलं की त्या जागेचा उभा छेद समोर असतो. जुन्या विहीर खोदणाऱ्यांना तो तोंडपाठ असे: इतके हात काळी, मग पिवळी चिकण, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा फत्तर. आता विहिरी कमी आणि बोअर जास्त, तर बोअरवाल्याचं बिल पाहा. त्यात केसिंग पाइप किती फूट लागला ते लिहिलेलं असतं. केसिंग घालतात ते ढासळणारी माती आणि कुजका खडक संपेपर्यंत. म्हणजे ज्या जाडीसाठी शास्त्रज्ञ यंत्रं आणतील ती जाडी, ढोबळ का होईना, प्रत्येक बोअरवाल्या घराच्या कपाटात पावतीवर पडून आहे. वीस फूट केसिंग आणि ऐंशी फूट केसिंग या दोन पावत्या शेजारच्या प्लॉटच्या असल्या तर तिथे जमीन बदलली, हे समजायला डिग्री लागत नाही.

‘लोकांना उगाच घाबरवता कशाला?’ असा प्रश्न या विषयावर हमखास येतो. माझ्या मते माणूस घाबरतो तो काहीच माहीत नसल्याने. सर्व्हे नंबर अमुकमध्ये बारा फुटांवर मुरूम आहे, एवढं कळलं तर पाया बारा फूट न्यायचा की घर थोडं सरकवायचं, हा साधा व्यवहाराचा प्रश्न उरतो. जमिनीचा उतारा पाहताना आपण मालक पाहतो, बोजा पाहतो. खाली काय आहे हे त्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

पुढच्या प्रकरणांत जमिनीचे प्रकार, भेगा वाचण्याची रीत, पट्ट्यांचं बांधकाम आणि जुन्या घरांची दुरुस्ती असा क्रम आहे. घाईत असाल तर पट्ट्यांचं प्रकरण आधी वाचा. पुस्तिकेच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात गाव, सर्व्हे नंबर, विहीर की बोअर, केसिंग किती, मुरूम कितीवर लागला आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात पाणी किती खोल, असे रकाने आहेत. बोअरची पावती सापडली नाही तर ज्यांनी बोअर मारला त्यांना विचारा, त्यांच्या वहीत बहुधा असतं. मापं फुटांत लिहिली तरी चालतील. बुजवलेली विहीर किंवा भरलेली खाण ठाऊक असेल तर तिचा रकाना वेगळा आहे, तो कृपा करून रिकामा ठेवू नका.